किडनीचा आजार: चौथ्या टप्प्यातच हात तयार ठेवा

बाबांची फाइल घेऊन सहा वर्षं नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) फेऱ्या मारल्या, नंतर नात्यातल्या तिघांसाठी. रक्तातलं नुसतं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते ती घाण) बघून "थोडंसंच वाढलंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, बघा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (प्रथिनाची) तपासणी मागून घ्या.

पहिला-दुसरा टप्पा (ईजीएफआर ६० आणि वर): साखर, बीपी ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका.

तिसरा (३० ते ५९): दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे लोणचं-पापड धरून चहाचा एक सपाट चमचा. 'कमी सोडियम'चं मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

चौथा (१५ ते २९): आम्ही इथे चुकलो. ईजीएफआर १८ असताना डॉक्टरांनी फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातावर करायचं छोटं ऑपरेशन, करून घ्यायला सांगितलं. बाबा हिंडत-फिरत होते, लघवी भरपूर होत होती. "इतक्यात हात कशाला कापायचा?" म्हणत आम्ही चार महिने काढ्यावर घालवले. मग एका रात्री त्यांना आडवंही होता येईना, इतका दम लागला. मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. नळीतून जंतू रक्तात गेले होते.

लघवी होते म्हणजे किडनी चालते, हा समज डोक्यातून काढा. पाणी बाहेर पडतं, घाण रक्तातच राहते.

फिस्टुलात हाताची धमनी शिरेला जोडतात. ती शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्त. म्हणून बरं वाटत असतानाच करून घ्या. शक्यतो ज्या हाताने लिहीत नाही तो हात निवडतात. तो तिसऱ्या टप्प्यापासूनच जपा: सलाईन नको, रक्त काढायचंच तर पंजाच्या पाठीवरून. नर्स घाईत असते, तुम्हीच आधी सांगा.

ऑपरेशननंतर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच हॉस्पिटल गाठा. त्या हाताला बीपीचा पट्टा, घड्याळ, घट्ट बांगडी, भाजीची पिशवी काही नको. त्यावर झोपायचंही नाही.

हिपॅटायटिस बीची लस आणि प्रत्यारोपणाची चौकशी याच टप्प्यात उरका.

पाचवा (१५च्या खाली): डायलिसिस कधी सुरू करायचं ते नुसत्या आकड्यावर नाही, त्रास आणि पोटॅशियम बघून ठरतं. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पोटाचं डायलिसिस घरी करता येतं, तेही विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला) भेटा. शहाळं बंद, त्यातही पोटॅशियम असतं. पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच: सकाळी बाटलीत मोजून भरा आणि चहा किंवा आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका.