रेसकोर्सचं नूतनीकरण करताय? मग या चुका टाळा

टर्फ क्लबच्या, म्हणजे रेसकोर्स चालवणाऱ्या संस्थेच्या, सुधारणेची पहिली बैठक भरली की टेबलावर काय येणार हे ठरलेलं असतं: नव्या क्लबहाऊसचं रंगीत चित्र. काचेच्या भिंती, गच्चीवर रेस्टॉरंट, हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या. तबेल्याच्या गटाराचं चित्र कोणी आणत नाही. ट्रॅकखालच्या पाइपांचं तर नाहीच नाही. आणि पैसा बुडतो तो नेमका तिथे. खर्चाचा क्रम आधी जमिनीचा कागद, मग पाण्याचा निचरा, मग घोड्याची सोय आणि त्यानंतर माणसाची, असाच असावा. बहुतेक समित्या तो खालून वर वाचतात.

पट्ट्याचा कागद न वाचता नकाशे काढणं

आपल्याकडे रेसकोर्सची जमीन बहुधा क्लबची नसते. पुण्याची लष्कराची आहे. मुंबईत महालक्ष्मीची काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. तरीही आर्किटेक्ट आधी नेमला जातो आणि वकिलाला फोन नंतर जातो.

महालक्ष्मीचंच घ्या. १८८३ पासून तिथे शर्यती होतात. जमिनीचा पट्टा, म्हणजे लांब मुदतीचा भाडेकरार, २०१३ साली संपला. पुढची दहा-अकरा वर्षं क्लब तिथेच होता, डर्बीही धावत होती. पण नवा पट्टा कधी, किती जागेचा आणि कोणत्या अटींवर, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. थीम पार्कच्या घोषणाही याच जागेवर झाल्या. शेवटी २०२४ मध्ये तोडगा निघाला: सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर ३० वर्षांसाठी क्लबकडे. आता विचार करा, मधल्या काळात कोणी हौसेने पक्के तबेले बांधले असते आणि ते उद्यानाच्या वाट्यात गेले असते तर? बँकही अशा जागेवर कर्ज देत नाही. पट्टा नाही म्हणजे तारण नाही.

म्हणून नकाशाआधी चार गोष्टी कागदावर घ्या. मिळकत पत्रिका आणि ताजी मोजणी. जुन्या कुंपणावर विसंबू नका. पट्ट्याची उरलेली मुदत. कर्जाच्या मुदतीपेक्षा ती किमान पाच वर्षांनी जास्त हवी. गहाण ठेवायची, पोटभाड्याने द्यायची परवानगी आहे का. नसेल तर रेस्टॉरंटचं भाडं धरून केलेला सगळा हिशेब कोसळतो. आणि मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचं, ते. हे चौथं कलम वाचल्यावर बऱ्याच समित्यांचा उत्साह निम्मा होतो. तो तेव्हा झालेला बरा.

पट्टा लटकलेला असेल तर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पैसा फक्त उचलून नेता येईल अशा वस्तूंवर घाला: हलवता येणारं रेलिंग, स्टार्टिंग गेट, पंप, ट्रॅक्टर, कंटेनरमधली कार्यालयं, नटबोल्टचे तात्पुरते तबेले. पाया खणायचा नाही.

वाळू न चाळता ट्रॅक घालणं

ही आमची सगळ्यात नावडती चूक. घाई करणारा प्रत्येक नवखा ती करतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपला ठेकेदार वेगळा आहे.

कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिता रेसकोर्सची गोष्ट घोड्यांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातून शिकलेले थोडे. २००६ मध्ये तिथल्या नियामक मंडळाने मोठ्या रेसकोर्सना २००७ संपेपर्यंत कृत्रिम पृष्ठभाग घालायला सांगितलं. सँटा अनिताने मुदतीत घातला. जानेवारी २००८ मध्ये पाऊस आला आणि ट्रॅकमधून पाणी खाली उतरेना. मेण, तंतू आणि वाळूचं जे मिश्रण पावसाळी दिवस वाचवणार होतं, त्याच्याचमुळे शर्यतींचे दिवस रद्द झाले. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचा माल आला. डिसेंबर २०१० मध्ये गाडी पुन्हा साध्या मातीच्या ट्रॅकवर. तीन वर्षांत तीन पृष्ठभाग, आणि सरकारी मुदत मात्र वेळेत पाळली होती.

मेण किंवा तंतू सोडा, साध्या गवताच्या ट्रॅकवरही हेच होतं. नदीची वाळू मिळत नाही म्हणून ठेकेदार क्रश सँड आणतो, आणि तिच्यात क्रशरची भुकटी मिसळलेली असते. दिसायला फरक नाही. पहिल्या दोन पावसांत ही भुकटी खाली सरकते, खडीच्या वर सिमेंटसारखा थर धरते आणि वरून हिरवागार दिसणारा ट्रॅक खालून हौद होतो. टाच रोवून बघा: गवत बाजूला सरकतं, खाली काळपट, कुजका वास येणारा थर लागतो. तो लागला की वरून वाळू टाकणं, भोकं पाडणं हे सगळे दिवस ढकलण्याचे उपाय आहेत.

आकडे डोळ्यांसमोर ठेवा. २,४०० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद ट्रॅक म्हणजे ६०,००० चौरस मीटर. त्यावर १०० मिमी पाऊस पडला तर ६० लाख लिटर पाणी, म्हणजे १०,००० लिटरचे ६०० टँकर. मुंबईच्या पावसाळ्यात असा दिवस नवलाचा नाही. हे पाणी जायला खाली साधारण ३०० मिमी वाळूचा थर, त्याखाली १०० मिमी धुतलेली खडी, आणि खडीत दर पाच मीटरवर १०० मिमी व्यासाचे सच्छिद्र पाइप लागतात. पाइपाला किमान दोनशेस एक उतार आणि दर ५० मीटरला धुण्यासाठी चेंबर. चेंबर वाचवले की पाच वर्षांनी ट्रॅक फोडावा लागतो. सरळ भागात आडवा उतार दोन टक्के ठेवला तर २५ मीटरवर अर्धा मीटर होतो, आणि पाणी आतल्या रेलिंगकडे येतं. मुख्य वाहिनी तिथेच हवी.

वाळूची चाचणी प्रयोगशाळेत करा, पण फाटकावरही एक बाटली ठेवा. प्रत्येक ट्रकमधून मूठभर वाळू पाण्यात टाकून हलवायची, अर्धा तास ठेवायची. वर गाळाची जाड, गढूळ पट्टी दिसली की ट्रक परत. ठेकेदार रागावतो. रागावू द्या. निम्म्याहून जास्त कण पाव ते एक मिमीमध्ये बसायला हवेत, आणि गाळ-चिकणमाती मिळून आठ टक्क्यांच्या आत. घातलेल्या थरात १५० मिमी रुंद पाइपचा तुकडा रोवून त्यात ५० मिमी पाणी ओता. वीस मिनिटांत जिरलं तर ठीक. तासाने तसंच दिसलं तर काम तिथेच थांबवा.

आता वेळेचं गणित. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. मुंबईत काम करायला कोरडे दिवस मिळतात ते एप्रिल संपल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पाच-सहा आठवड्यांत अख्खा ट्रॅक नवा होतो असं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय किंवा स्वतःला. मग तुकड्यातुकड्याने करू म्हणतात. तेही नको: जुन्या घट्ट भागावरून नव्या सैल भागावर भरधाव आलेल्या घोड्याची टाप चुकते, आणि ती चूक पायावर निघते. एक तर पूर्ण हंगाम सोडा आणि हरळीच्या मुळांना धरायला वेळ द्या, नाहीतर या वर्षी फक्त चिरा मारा: ५० मिमी रुंद, ३०० मिमी खोल, दर मीटरला एक, वाळूने भरलेल्या आणि खालच्या पाइपांना जोडलेल्या. दिसायला काहीच भव्य नाही, म्हणून समितीला आवडत नाहीत.

पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन एकाच सोयीच्या जागी घ्यायचं नाही. दर २०० मीटरला आत, मध्ये आणि बाहेर, तिन्ही ठिकाणी.

टोटच्या (क्लबच्या पैजेच्या खिडकीच्या) गल्ल्यावर कर्जाचे हप्ते बांधणं

१ जुलै २०१७ ला पैजेवर २८ टक्के जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, तोही क्लबच्या कमिशनवर नाही, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. पैज लावणारा पंटर हिशेबी असतो. तो बेकायदा बुकीकडे वळतो. पंधरा वर्षांच्या कर्जाची फेड अशा उत्पन्नावर दाखवणारा तक्ता कितीही सुबक असला तरी फाडून टाका. हप्ते भाडं, सभासद शुल्क, समारंभ आणि प्रायोजकत्व यांतून निघत असतील तरच कर्ज घ्या.

दुसरं, बांधकामाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि स्वतःसाठी केलेल्या स्थावर बांधकामावर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली अडतं. १० कोटींचं काम ११ कोटी ८० लाखांना पडतं. निविदा उघडल्यावर हे आठवणारे खजिनदार आहेत. पंप, गेट यांची बिलं बांधकामाच्या बिलात मिसळू नका. सीएला आधी विचारा.

सभासदांकडून एकरकमी वर्गणी मागायची नाही. तीन हप्ते, आणि प्रत्येक हप्ता पूर्ण झालेल्या कामाला बांधलेला. अर्धवट कामावर उद्घाटन करून तिकीटविक्रीतून उरलेलं बांधू, हा शॉर्टकट इंग्लंडमधल्या ग्रेट लीझने करून पाहिला: एप्रिल २००८ मध्ये शर्यती सुरू, पक्का स्टँड नाहीच, जानेवारी २००९ मध्ये प्रशासक बसले. ते रेसकोर्स चेम्सफर्ड सिटी नावाने पुन्हा सुरू व्हायला २०१५ उजाडलं.

तबेल्यात हॉटेलच्या फरशा

हसू नका, नकाशात चकचकीत टाइल्स येतात. ओल्या टाइलवर नाल घसरते. तबेल्याला खरखरीत, रेघा मारलेलं काँक्रीट आणि वर १८ मिमीची रबरी चटई लागते. खण १२ फूट बाय १२ फूट, दार ४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, मधली वाट १२ फूट. उतार साठास एक, दाराकडे. गटार खणाबाहेर आणि उघडं, उथळ. आत झाकलेलं गटार केलं की पेंढा आणि लीद त्यात घट्ट बसते, मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, रोज सळईने खुपसत बसतो, आणि अमोनियाचा वास घोड्याच्या फुफ्फुसात जातो. मुंबईच्या दमटपणात छताच्या कण्यावर उघडी झडप हवीच. पत्रा एकेरी असेल तर खाली भट्टी.

एक घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो. तीनशे घोडे म्हणजे सहा टन, पेंढा वेगळा. ट्रॉली वळेल एवढा रस्ता नकाशात आहे का बघा. ग्लँडर्ससारख्या रोगासाठी विलगीकरणाचे खण वेगळ्या फाटकाचे, वेगळ्या गटाराचे असावेत. हा रोग निघाला की घोडा मारावा लागतो, आणि सामायिक गटार शेजारच्या रांगेलाही धोक्यात घालतं. मोतद्दारांच्या खोल्या आणि संडास "पुढच्या टप्प्यात" ढकलणाऱ्या समितीने पहाटे चारला एकदा तबेल्यात यावं.

स्टँडमधून शर्यत न दिसणं

इंग्लंडमधल्या अॅस्कट रेसकोर्सने सप्टेंबर २००४ मध्ये दारं बंद करून सुमारे २० कोटी पौंड खर्चले, जून २००६ मध्ये उघडलं, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना घोडेच दिसेनात. पुढे दुरुस्तीला आणखी सुमारे एक कोटी गेले. आपल्याकडे साधा उपाय: काँक्रीट ओतण्याआधी शेवटच्या ४०० मीटरवर दर ५० मीटरला घोड्याच्या पाठीइतक्या उंचीवर बांबूला लाल फडकं बांधा आणि परांचीवर पाच फुटी माणसाला उभं करा. प्रत्येक पायरीवरून नजर पुढच्याच्या डोक्यावरून किमान ९० मिमी वर जायला हवी.

बाकीच्या किरकोळ

वारसा इमारतीच्या डागडुजीला दहा टक्के राखीव ठेवणं. पंचवीस ठेवा, वाळवी लागलेला वासा पत्रा काढल्यावरच दिसतो.

गवताला रोज ५ मिमी पाणी म्हणजे तीन लाख लिटर. बोअर पुरेल असं गृहीत धरू नका, आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी घेणार असाल तर क्षार तपासून.

गवताची गंजी आणि तबेला एका छताखाली. नको.

वायरी उघड्या सोडणं. उंदीर कुरतडतात.

ठेकेदाराचा शेवटचा दहा टक्के हप्ता दिवाळीआधी सोडू नका. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रेलिंगच्या आतून चालत जा, जिथे बूट बुडेल तिथे खुंटी मारा, आणि खुंट्या मोजून मगच चेकवर सही करा.