दह्याविना मेथीची पचडी

दिवाळी सरून सकाळी धुकं पडायला लागलं की बेळगावच्या बाजारात बुटकी, बारीक पानांची मेथी दिसू लागते. पचडीला तीच घ्यावी. हातभर वाढलेली, जाड देठाची मेथी शिजवायला ठीक, कच्ची खाल्ली तर तोंड कडू करते. पेंडी उचलल्यावर एक देठ मोडून पाहा. कट्‌कन तुटला तर कोवळा, सालीला लोंबकळत राहिला तर जून.

चौघांसाठी निवडलेली मेथीची पानं 2 वाट्या, कांद्याची पात 4 काड्या, मुळ्याचा कोवळा पाला मूठभर, एक काकडी, मूगडाळ 3 चमचे, शेंगदाण्याचं कूट 3 चमचे, कारळ्याची चटणी 1 चमचा, हिरव्या मिरच्या 2, अर्धं लिंबू आणि अर्धा लहान चमचा मीठ. बाजारात पाथरी दिसली (कानडीत हक्करकी) तर तीही थोडी घाला. मात्र घेवड्याच्या शेंगा कच्च्या कधीच घालू नयेत, त्या पोटाला बाधतात.

मूगडाळ तासभर भिजत घाला. नखानं दाबल्यावर तुटली की निथळून ठेवा. रात्रभर भिजवली तर ती फुगून पिठूळ होते.

पचडी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यानं. मेथी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा. माती तळाशी बसली की पानं वरून हातानं उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तीच माती परत पानांवर बसते. असं तीनदा करा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. मग पानं सुती पंचावर अर्धा तास पसरून ठेवा. हाताच्या पाठीवर पान टेकवून पाहा, ओल लागली तर अजून थांबायचं. ओल्या पानांवर कूट लागतच नाही, खाली चिखल होतो.

कापताना धारदार विळी किंवा सुरी घ्या आणि एकदाच जाडसर कापा. बोथट सुरीनं पानं चेचली जातात. चेचलेल्या मेथीचा कडवटपणा सगळ्या भाजीत उतरतो. काकडीचं टोक आधी चाखा, कडू लागली तर बाजूला ठेवा. बिया मोठ्या असतील तर काढून टाका, त्यांतच पाणी असतं.

एरवी घरोघरी या पचडीवर दही ओततात. दही नसलं तरी दाटपणा कुटातून येतो, म्हणून कूट जाडसरच हवं. मिक्सर सलग फिरवला तर शेंगदाण्याला तेल सुटून गोळे होतात; थांबत थांबत फिरवा. कारळे मंद आचेवर भाजा, करपले तर मेथीच्या कडूत आणखी कडू. फोडणीला तूप न घेता 2 चमचे शेंगतेल घ्यावं, त्यात मोहरी, हिंग आणि चिमूटभर हळद. फोडणी पूर्ण गार होऊ द्या. गरम ओतलीत तर पानं तिथंच शिजून काळपट पडतात.

परातीत भाज्या, डाळ, बारीक चिरलेली मिरची, कूट, चटणी घालून बोटांच्या टोकांनी वरखाली करा. मळायचं नाही. मग फोडणी. मीठ आणि लिंबू मात्र भाकरी ताटात पडल्यावरच. मिठानं काकडी आणि पानं लगेच पाणी सोडतात, आणि लिंबाच्या आंबटात हिरवा रंग उतरतो. दहा मिनिटांत ताटात पाण्याचं डबकं होतं.

पावसाळ्यात पाल्याला चिखल आणि अळ्या फार असतात, तेव्हा कच्ची मेथी टाळून नुसती काकडी-मूगडाळीची कोसंबरी करावी. उरलेली पचडी तासाभरात मलूल होते. तिच्यात जोंधळ्याचं पीठ आणि थोडा ओवा मिसळून धपाटे थापावेत. पचडीला पाणी सुटलेलं असतं, त्यामुळं पाणी वेगळं फारसं घालावं लागत नाही.