नट-बोल्टांसाठी घरी खणांचं कपाट बनवताय? या चुका टाळा

बहुतेक जण घरात पडून असलेला प्लाय बघतात, त्यात किती खण बसतील ते मोजतात आणि करवत चालवायला घेतात. सामान नंतर कोंबायचं. हे उलटं आहे. आधी सगळे नट, बोल्ट, वॉशर, स्क्रू जुन्या चादरीवर ओता, जातवार ढीग लावा आणि प्रत्येक ढीग किती जागा घेतो ते बघा. ७५ मिमीच्या लाकडी स्क्रूला आडवं पडायला नऊ-दहा सेंटीमीटर लांबी लागते. पाच सेंटीमीटरपेक्षा अरुंद खणात तर मोठ्या माणसाची बोटं नीट जातच नाहीत. पार्टिशन फेविकॉलने कायमची चिकटवू नका. बाजूंना खाचा पाडून पट्ट्या नुसत्या सरकवा, म्हणजे सामान वाढलं की खण बदलता येतो.

सपाट तळाच्या खणातला वॉशर नखाने उचकटावा लागतो, हा त्रास रोजचा. ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ खणात बसवा. वॉशर बोटाने वर ओढला की गोलाईवरून अलगद हातात येतो.

वजनाचा अंदाज चुकतो, आणि सगळ्यात महागात पडतं ते हेच. स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. मधल्या फटी धरल्या तरी ३० बाय ४० सेंटीमीटरचा, पाच सेंटीमीटर खोल ड्रॉवर स्क्रूंनी भरला की पंधरा किलोंच्या आसपास जातो. त्याचा तळ ३ मिमी प्लायचा आणि खालून खिळे ठोकून लावलेला असेल, तर भाराने खिळे सुटून तळ लोंबतो. बाजूच्या फळ्यांना आतून खाच पाडा आणि ६ मिमीचा तळ त्यात सरकवा. प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, नाहीतर थर उकलतात.

ड्रॉवर अडकतोय?

नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना, प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे पावणेतेरा मिमीच्या आसपास जागा लागते. ड्रॉवरची बाहेरची रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा एक इंचाने कमी हवी. आणखी एखादा मिमी कमी झाली तरी चालेल, मोठी झाली तर नाही. पूर्ण प्रवासात जड जात असेल तर ड्रॉवर रुंद झालाय. चॅनेल काढून बाजू रंध्याने तासा. ढिला पडून खडखडत असेल तर चॅनेलच्या मागे सनमायकाची पट्टी घाला, एक मिमी लगेच भरून निघतो. पुढे मोकळा आणि मागे घट्ट होत असेल तर चॅनेलला दोष देऊ नका. कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पुढची आणि मागची रुंदी मोजा, दोन्ही कर्ण मोजा. फरक तिथेच सापडेल.

भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की हलकं कपाट पुढे कलंडतं, म्हणून ते भिंतीला बांधाच. विटांच्या भिंतीत रावल प्लग गिलाव्याच्या पलीकडे, विटेत पोचला पाहिजे. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीत साधा प्लग काही दिवसांत ढिला होतो. त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात, तेच घ्या.

गंज

कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने सामान सुकं ठेवणं हे मोठंच काम आहे. खणात वर्तमानपत्र अंथरू नका, कागद ओल धरून ठेवतो. पण पावसापेक्षाही घातक गोष्ट बऱ्याच घरांत त्याच कपाटात असते: संडास धुवायच्या ॲसिडची बाटली. बूच घट्ट असलं तरी वाफ निसटते आणि आसपासचं लोखंड तांबडं पडतं. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सीलंटही सुकताना आम्लच सोडतं. त्याने फटी भरल्या असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत कपाट उघडं ठेवा. सिलिका जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. त्यात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

फळीखाली बरण्या टांगताना झाकणाला दोन स्क्रू मारा. एकच मारला तर बरणी फिरवताना झाकणही फिरतं. ९ व्होल्टची बॅटरी सुट्या स्क्रूंत कधीच टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली की ती तापते आणि आगही लागू शकते. आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, थर्माकोलमध्ये खोचू नका, ॲन्टिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणाऱ्या) पिशवीतच ठेवा. आणि नावाची चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या अंगावर चिकटवा. झाकणं अदलाबदल होतात.