सायकल चालवून मान, खांदे, हात दुखतायत? आधी सीट तपासा

मान दुखते म्हणून लोक मानेला मलम चोळतात, हाताला मुंग्या येतात म्हणून जाड जेलवाले ग्लोव्ह्ज घेतात, आणि महिन्याभराने तेच दुखणं घेऊन परत येतात. सायकल चालवणाऱ्यांची दुखणी बघताना मला हे सारखं दिसतं की दुखतं वर पण कारण बऱ्याचदा सीटपाशी असतं, म्हणजे सीटचं नाक खाली झुकलेलं असतं किंवा सीट जास्त उंच असते, त्यामुळे माणूस सारखा पुढे घसरत राहतो आणि सगळा भार तळहातांवर येतो, मग तिथून वर खांदे आणि मान तो भार तोलत बसतात. म्हणून घाई न करता क्रमाने जाऊया.

सगळ्यात आधी धोक्याचं काही नाही ना ते बघा, यात अजिबात चालढकल नको. छातीवर दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, सोबत घाम आणि धाप असेल तर ते सायकलचं दुखणं धरायचंच नाही, जागेवर थांबा आणि १०८ ला फोन करा. पडल्यानंतर खांद्याच्या पुढच्या हाडावर फुगवटा दिसतोय किंवा हात वर जात नाही, तर एक्स-रे हवाच. आणि हात टेकून पडलात आणि मनगटाला अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखतंय, तर पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी गप्प बसू नका, तिथल्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर सुरुवातीला कधीकधी दिसतच नाही. हातातली ताकद कमी होतेय, वस्तू हातातून पडतायत, चालताना तोल जातोय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, सायकल नंतर.

हे काही नसेल तर आता शोधकाम. कधी दुखतं ते वहीत लिहा, कारण वेळेवरून बरंच कळतं. पहिल्या अर्ध्या तासातच दुखायला लागलं तर सायकलच्या मापात गडबड असण्याची शक्यता जास्त, ६०-७० किलोमीटरनंतर सुरू होत असेल तर बहुतेक अंगात तेवढी ताकद अजून आलेली नाही किंवा तुम्ही एकदम जास्त अंतर वाढवलंय, आणि सायकलवर काहीच नाही पण सोमवारी ऑफिसात दुखतं असं असेल तर लॅपटॉपकडे पण बघा, दिवसाचे आठ-नऊ तास मान पुढे काढून बसायचं आणि दोष दोन तासांच्या राइडला द्यायचा हे बरोबर नाही.

हाताला मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना येतात हे नीट बघा, इथे खरी माहिती मिळते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून जाणारी अल्नर नर्व्ह दाबली जातेय, लांब पल्ला मारणाऱ्यांमध्ये हे खूप कॉमन आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर मीडियन नर्व्ह, म्हणजे मनगट सारखं मागे वाकलेलं राहतंय. एक सोपी टेस्ट करा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बाजूंमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा, कागद धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचं टोक वाकत असेल तर अल्नर नर्व्ह कमजोर झालीये, मग घरगुती उपायांवर थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा. आणि मान एका बाजूला वळवल्यावर किंवा मागे नेल्यावर दुखणं थेट हातात उतरत असेल तर मूळ मानेत आहे, ग्लोव्ह्ज बदलून काही होणार नाही.

आता सायकल. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारता येतं अशा स्टँडवर लावा, मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, आणि पंधरा-वीस मिनिटं चालवून दमल्यावरचा व्हिडिओ बघा, पहिल्या दोन मिनिटांत सगळेच छान बसतात. कोपरं कडक सरळ झालीयेत का, खांदे कानाकडे चढलेत का, मनगट मोडलंय का हे बघा. मग चालू पॅडलिंगमध्ये दोन्ही हात हँडलवरून जेमतेम उचला, हे ट्रेनरवरच करा, रस्त्यावर नको. लगेच पुढे कोसळायला लागलात तर भार हातांवर जास्त आहे.

सुरुवात सीटपासून करा. सायकल सपाट फरशीवर ठेवून सीटवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक आणि त्यावर मोबाईलमधलं लेव्हल अ‍ॅप, सीट सपाट हवी, फार तर एक-दोन डिग्री खाली. उंचीसाठी टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. सीट फार पुढे असेल तर ५ मिलिमीटर मागे न्या, बऱ्याच जणांचा हातावरचा भार एवढ्यानेच हलका होतो, पण मागे नेल्यावर हँडलही तेवढंच लांब जातं हे लक्षात ठेवा. एका वेळी एकच बदल, आधीच्या जागेवर टेपची खूण, आणि दोन-तीन राइड झाल्याशिवाय दुसऱ्या गोष्टीला हात लावू नका. सगळं एकदम हलवलं की कशाने बरं वाटलं ते कळतच नाही.

त्यानंतर हँडल. हात लांब ताणावे लागत असतील तर १० मिलिमीटर छोटा स्टेम, म्हणजे हँडल आणि फोर्कची नळी जोडणारा तुकडा लावा, मान मागे मोडून रस्ता बघावा लागत असेल तर स्टेमखाली स्पेसर म्हणजे जाड रिंगा टाकून किंवा स्टेम उलटा लावून हँडल वर घ्या, आणि फोर्कची नळी कार्बनची असेल तर हे काम टॉर्क पाना (बोल्ट किती घट्ट झाला ते मोजणारा पाना) असलेल्या मेकॅनिककडेच करा. हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) वाल्यांनी ब्रेक लिव्हर थोडी खाली फिरवून बघा, बोटं लिव्हरवर असताना मनगट सरळ रेषेत आलं पाहिजे. सपाट हँडलवर हात एकाच जागी राहतात म्हणून बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायच्या शिंगांसारख्या मुठी लावल्या तर फार फरक पडतो.

टायरमधली हवा बहुतेक लोक विसरतात. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये १०० पीएसआय भरून आपल्या रस्त्यांवर, त्या रंबल स्ट्रिप्सवर चालवलं तर हात बधिर होणारच, फ्रेममध्ये बसत असेल तर २८ किंवा ३२ चे टायर घ्या आणि प्रेशर वजनाप्रमाणे कमी ठेवा. चष्मा नाकावरून घसरतो म्हणून मान वर करून बघणारे असतात, प्रोग्रेसिव्ह लेन्सवाल्यांना (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेल्यांना) तर खाली वाकल्यावर लेन्सच्या वरच्या कडेतून बघावं लागतं, त्यांनी सायकलसाठी वेगळा चष्मा करावा. हेल्मेटची पुढची टोपी फार खाली असेल तर काढून टाका. आणि ऑफिसला जाताना लॅपटॉप आणि डबा पाठीवर न घेता मागच्या कॅरियरवर बॅग लावा.

व्यायाम थोडेच पण रोज. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरा, दहा वेळा, मान वाकवायची नाही. टॉवेलची गुंडाळी दोन खांद्यांच्या मध्ये आडवी ठेवून पाठीवर पडा आणि दोन मिनिटं शांत श्वास घ्या, पाठीचा वरचा भाग मोकळा झाला की मानेला कमी वाकावं लागतं. रबर बँड खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही कोपरं मागे ओढा, बारा-पंधरा वेळा, दोन-तीन सेट. आणि पोट-कमरेसाठी प्लँक किंवा विरुद्ध हात-पाय उचलण्याचा व्यायाम, कारण धड स्वतःला तोलू शकलं तरच हात मोकळे राहतात. चार-सहा आठवडे द्या, आठवड्यात बरं वाटेल अशी अपेक्षा नको. गरम शेक चालेल. सलूनमध्ये मान मोडून घेणं मात्र कळकळीने सांगतो, बंद करा, झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. आणि लांब राइडला गोळी खाऊन दुखणं दाबू नका, शरीरातलं पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला त्रास देतात.

या काळात राइड पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं तर चालू ठेवा, त्याहून जास्त असेल तर अंतर निम्मं करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदला, मोकळा रस्ता असेल तर एकेक हात खाली सोडून झटका.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. खूप लांब पल्ल्यात मानेचे स्नायू पूर्ण थकून डोकं वर धरताच येत नाही असं होऊ शकतं, त्याला शर्मर्स नेक म्हणतात, १९८३ च्या रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका या अमेरिका आडवी पार करायच्या शर्यतीत मायकल शर्मर या सायकलपटूला हे झालं त्यावरून ते नाव पडलं. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली तीच ही रेस. ४०० किंवा ६०० किलोमीटरच्या राइडमध्ये हनुवटीला हाताचा आधार द्यावासा वाटायला लागला तर पुढच्या कंट्रोलपर्यंत (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणापर्यंत) कसंतरी रेटायचा विचार करू नका, समोरचा रस्ताच दिसत नसतो आणि मागून ट्रक येत असतात, तिथेच बाजूला थांबा, आडवे व्हा, आणि तासाभराने मान आपोआप वर राहत नसेल तर आयोजकांना फोन करून गाडी बोलवा.