टी शॉट स्विंगच्या आधीच बिघडतो : या चुका टाळा

गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या जागी) सरळ बॉल मारणारा माणूस रविवारी सकाळी पहिल्या टीवर (होलचा पहिला बॉल मारायची जागा) उभा राहिला की बॉल थेट उजवीकडच्या झाडीत घालतो, आणि मग लगेच सगळे सुरू होतात, ग्रिप चुकली, खांदा उघडला, डोकं वर आलं. अहो डोकं वर आलं कारण बॉल कुठं जातोय याची धास्ती होती, आणि धास्ती होती कारण कुठं मारायचा हेच धड ठरलं नव्हतं. आपल्या बेळगावात गोल्फ म्हणजे कॅम्प, मिलिटरीची मंडळी आणि हल्ली त्यात शिरलेले उद्यमबागेतले कारखानदार, डॉक्टर वगैरे, त्यातले बरेचजण क्रिकेटमधून आलेले. हात चांगले असतात, नजर चांगली असते. बिघडतं ते बॉल मारायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात, म्हणून इथं स्विंगबद्दल फारसं काही लिहिणार नाही.

बॉलजवळ जाऊन मग विचार करायला लागणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात कमी लोकांना दिसणारी. टी (बॉल ठेवायची खुंटी, तिलाही टीच म्हणतात) रोवली, बॉल ठेवला, स्टान्स घेतला आणि आता डोक्यात चाललंय की ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब, म्हणजे काठी) घ्यावा की थ्री वूड (त्याच्या खालचा), वारं डावीकडून आहे का, मागच्या वेळी इथं काय झालं होतं, आणि हे सगळं चालू असतानाच हात मागे जातात. अर्धा निर्णय घेऊन मारलेला बॉल क्वचितच सरळ जातो.

ठरवायचं ते बॉलच्या मागे उभं राहून. क्लब तिथंच ठरवा, आणि टार्गेट म्हणजे नुसतं "फेअरवे" (होलपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) नाही, तेवढं मोठं टार्गेट म्हणजे टार्गेटच नाही. लांबचं एखादं झाड धरा, त्यातलीही एक बाजू धरा. मग त्या झाडाच्या आणि आपल्या बॉलच्या रेषेत, बॉलच्या दोनेक फूट पुढं गवतात काहीतरी खूण शोधा, जुना डिव्हॉट (क्लबनं गवत उडून झालेला खड्डा), वाळकं पान, काहीही. दिग्गज गोल्फर जॅक निकलस आयुष्यभर असंच करायचा, आणि शॉट आधी डोक्यात बघितल्याशिवाय तो मारत नसे. अडीचशे यार्डावरच्या झाडाकडं क्लबचं तोंड लावणं अवघड, दोन फुटांवरच्या पानाकडं लावणं सोपं, एवढंच त्यामागचं गणित. एक प्रॅक्टिस स्विंग, एक लांब श्वास बाहेर, पुढं जा, पाय लावा, टार्गेटकडं एकदा बघा आणि मारा. बॉलवर उभं राहिल्यावर नवीन शंका आली तर तशीच दाबून मारू नका, सरळ मागे या आणि परत सुरू करा. लोक वैतागतील म्हणून बरेचजण मागे येत नाहीत, पण मागे यायला दहा सेकंद लागतात आणि झाडीत बॉल शोधायला त्याहून कितीतरी जास्त. नियमांत एका शॉटला 40 सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये अशी शिफारस आहे, त्यात हे सगळं आरामात बसतं. फक्त तुमची पाळी यायच्या आधी गप्पा मारत न बसता वारं आणि क्लब बघून ठेवलेलं पाहिजे.

"उजवीकडं नको, उजवीकडं नको"

मनाला "नको" सांगितलं की ते तिकडंच बघत बसतं. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, आणि लोकांच्या डोक्यात अस्वल परत परत येत राहिलं. पुढं 1998 मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोल्फच्या पटवर (होलजवळून बॉल हलकेच ढकलायचा शॉट) असंच बघितलं, होलच्या पुढं जाऊ देऊ नका सांगितलेले लोक डोक्यावर दुसरा ताण असताना नेमका पुढंच घालवायला लागले. पहिल्या टीवर ताण तर फुकटच मिळतो.

तेव्हा ओबी (आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर) कुठं आहे ते एकदा बघायचं, त्याप्रमाणे टार्गेट निवडायचं, आणि मग वाक्य बदलायचं : "त्या झाडाच्या डाव्या फांदीवर." शब्द हाताबद्दल नकोत, कोपर, मनगट, कंबर असलं काही नको, ते रेंजवर करा. टीवर लक्ष बॉलच्या वाटेवर नाहीतर क्लबच्या तोंडावर.

आणि पार्टनर लोकांनो, तुम्ही पण जरा गप्प बसा की. एखादा बॉलवर उभा राहिला की मागून "उजवीकडं पाणी हाय बघ हं" म्हणणारा एक तरी असतोच. ओबी, पाणी कुठं आहे ही माहिती सांगणं नियमात बसतं, पण वेळ बघा. उलट मॅचमध्ये समोरच्याला "कुठला क्लब मारलास?" विचारणं हे सल्ला मागणं धरलं जातं आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजून खेळायचा प्रकार) दोन शॉटची पेनल्टी लागते, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. कॅडी (तुमची पिशवी उचलणारा) मात्र बोलू शकतो, आणि आपल्याकडचा कन्नड कॅडी बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो, "निधान री", म्हणजे सावकाश. त्याचं ऐका.

पार फोर दिसला की ड्रायव्हर

टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंटमध्ये पहिल्याच बॉलला आडवी बॅट हाणायची सवय असलेला माणूस पार फोर (चार शॉटमध्ये पुरा करायचा होल) दिसला की पिशवीतून दुसरं काही काढतच नाही. यात दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत, दोन्ही एकाच वर्षातली. जून 2006, यूएस ओपन, विंग्ड फूट. फिल मिकलसन शेवटच्या होलवर एका शॉटनं पुढं, त्या दिवशी ड्रायव्हर अजिबात ऐकत नव्हता, तरी त्यानं ड्रायव्हरच घेतला, बॉल डावीकडं पाहुण्यांच्या तंबूवर, डबल बोगी (पारपेक्षा दोन शॉट जास्त), आणि जिंकला जेफ ओगिल्वी. पुढच्याच महिन्यात होयलेकला ब्रिटिश ओपन, टायगर वूड्सनं चार राऊंडमध्ये मिळून ड्रायव्हर एकदाच काढला, बाकी आयर्न (कमी अंतराचे क्लब) आणि थ्री वूडवर काम भागवलं आणि जिंकला.

पण यातून "ड्रायव्हर वाईट" असा अर्थ काढू नका, भीतीनं प्रत्येक होलला सेव्हन आयर्न मारणाराही तेवढाच चुकतोय, कारण मग दुसरा शॉट एवढा लांबून उरतो की ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा) काही सापडत नाही. होयलेक त्या वर्षी उन्हानं करपलेलं होतं, बॉल पडल्यावर नुसता पळत होता, आणि इथं आपला संबंध येतो. एप्रिल-मेमध्ये आपली तांबडी माती वाळून टणक झालेली असते, तेव्हा हायब्रिडचा (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) बॉलसुद्धा चांगला पळतो, ड्रायव्हरची गरज कमी आणि पळत पळत रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) जायची भीती जास्त. जून-जुलैचा पाऊस सुरू झाला की उलट, बॉल पडेल तिथं रुततो, मग हवेतलं अंतर पाहिजे, तेव्हा ड्रायव्हर काढा. तोच होल, क्लब वेगळा. (आणि रुतलेला बॉल साध्या भागात असेल तर पेनल्टीशिवाय उचलून ड्रॉप करता येतो, उगीच चिखलातून हाणू नका.)

क्लब ठरवायची साधी रीत : तुमचे नेहमीचे दहा ड्राइव्ह केवढ्या रुंदीत पसरतात ते प्रामाणिकपणे बघा, सगळ्यात चांगला ड्राइव्ह नको, दहाही. तेवढी रुंदी ओबी आणि पाण्याच्या आत बसत असेल तर ड्रायव्हर, बसत नसेल तर खालचा क्लब. जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त तिरकं असलेला) क्लब बॉल कमी वळवतो. लांब मारता येत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातलं उदाहरण, बेंगळुरूची अदिती अशोक. टोकियो ऑलिम्पिकला ती लांब मारण्यात बऱ्याचजणींच्या मागे होती तरी चौथी आली, ब्राँझ एका शॉटनं हुकलं.

टीच्या मधोमध उभं राहणं

हे फुकटातलं आहे, तरी कुणी वापरत नाही. बॉल टीवरच्या दोन मार्करच्या (हद्दीच्या खुणांच्या) मध्ये कुठंही आणि मागे दोन क्लबच्या लांबीपर्यंत ठेवता येतो, तुम्ही स्वतः बाहेर उभे राहिलात तरी चालतं. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडं वळत असेल आणि धोकाही उजवीकडंच असेल तर टीच्या उजव्या कडेला ठेवा आणि डावीकडं धरा, समोरची जागा एकदम मोठी दिसायला लागते. मार्कर कधीकधी भलतीकडंच तोंड करून लावलेले असतात, त्यांच्या रेषेत पाय लावू नका. आणि मार्करच्या पुढं बॉल ठेवून मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन शॉट पेनल्टी आणि परत मारायचं, हे पण लक्षात असू द्या.

पहिल्या टीवरची लाज

गाडी लावली, बूट घातले आणि धावत टीवर, मग छाती धडधडणारच. थोडं आधी या, आणि रेंजवरचे शेवटचे दोन-तीन बॉल पहिला होल डोळ्यासमोर आणून त्याच क्लबनं मारा. धडधड थांबवायच्या मागे लागू नका, ती असू दे, फक्त ग्रिप आवळली गेली नाही ना बघा. पहिल्या टीला ज्या क्लबवर सगळ्यात जास्त विश्वास तो घ्या, कुणी हसलं तर हसू दे. वॅगल करताना (मारायच्या आधी क्लब हलवताना) बॉल टीवरून पडला तर पेनल्टी नाही, परत ठेवा. मारायला गेला आणि बॉलला लागलाच नाही तर तो शॉट मोजला जातो, पण 2019 पासून बॉल टीच्या जागेत असेपर्यंत परत नीट टीवर ठेवता येतो.

ओबी गेल्यावर त्याच रागात दुसरा

पहिला गेला की खिशातून दुसरा बॉल काढून धाडकन मारायचा, आणि तोही तिकडंच. बॉल ओबी असेल किंवा सापडणार नाही असं वाटत असेल तर "प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय" हे बोलून दाखवायचं, नाही बोललात तर दुसराच बॉल खेळात धरला जातो. तो तुमचा तिसरा शॉट असतो, म्हणजे नवीन शॉट, म्हणून परत मागे जाऊन सगळं पहिल्यापासून करायचं आणि बऱ्याचदा क्लबही बदलायचा. शोधायला तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. तसंही ऑगस्ट 2022 मध्ये आपल्या गोल्फच्या मैदानात बिबट्या शिरला होता, त्याला शोधायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पहून हत्ती आणले होते आणि आसपासच्या शाळा बंद ठेवल्या होत्या, तेव्हापासून काहीजण झाडीत पाय घालायच्या आधी तीन मिनिटंसुद्धा जास्तच समजतात.

मलिगनबद्दल (बिघडलेला शॉट न मोजता परत मारू देणं) माझं मत जरा कडक आहे. दोस्तीत चालतं म्हणून दर रविवारी पहिल्या टीवर दुसरा बॉल मिळणार हे माहीत असलं की पहिल्या बॉलला कुणी मनापासून ठरवतच नाही, आणि मग टुर्नामेंटच्या दिवशी तीच सवय अंगाशी येते. बंद करा.

सुधारतंय की नाही बघायला स्कोअरकार्डवर प्रत्येक टी शॉटपुढं एक खूण करा. बॉल कुठं गेला त्याची खूण नाही, मारायच्या आधी टार्गेट आणि क्लब पक्का ठरला होता का, त्याची. ठरवून मारलेले बॉलही वाकडे गेले तर मग स्विंगचं बघा, कोचकडं जा. न ठरवता मारलेलेच वाकडे जात असतील तर कोचचे पैसे वाचले. आणि ही खूण पुढच्या शॉटच्या आधीच करायची, कारण राऊंड संपून चहा-भजी समोर आली की प्रत्येकाचा टी शॉट ठरवूनच मारलेला असतो.