'रन' म्हणजे फक्त धावणे? या चुका टाळा

'माझी आई शाळा धावते.' मूळ वाक्य होतं, 'माय मदर रन्स अ स्कूल'. वह्या तपासताना असं काही दिसलं की मला मुलांचा राग येत नाही. 'रन म्हणजे धावणे' एवढंच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं असतं. चूक तिथेच होते.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. म्हणून यादी पाठ करायला बसू नका. आपण 'लागणे' तरी कधी पाठ केलं? भूक लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, घाटात गाडी लागते, झाडाला आंबे लागतात. शेजारचा शब्द बदलला की अर्थ बदलतो, हे कानांनीच शिकवलं.

वर्गात मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण सांगते. इंग्रजीत जे 'रन' होतं, ते मराठीत पुष्कळदा चालतं किंवा वाहतं. दुकान, कंपनी, संगणकावरचा प्रोग्रॅम हे सगळं आपण चालवतो. इंजिन चालतं, नाटक वर्षभर चालतं. नदी वाहते, नळ वाहतो, सर्दीत नाक वाहतं. धुताना कपड्याचा रंग जातो, तेव्हाही इंग्रजीत 'रन'च. 'धावणे' आपल्याकडेही क्रिकेटच्या धावेत आणि शिवणातल्या धावदोऱ्यात आहे, पण त्याचा पसारा लहान.

ही खूण उलटी मात्र वापरू नका. 'त्याचं दुकान छान चालतं' याचं 'हिज शॉप रन्स नाइसली' केलं, तर धंदा तेजीत आहे हे कुणाला कळणार नाही. तिथे 'हिज शॉप इज डूइंग वेल' म्हणा. आणि आपलं 'चालेल' म्हणजे 'इट विल रन' नव्हे. 'दॅट्स फाइन' पुरे.

खरी काळजी घ्यायची ती 'रन'च्या मागून येणाऱ्या छोट्या शब्दांची. 'आय रॅन इन्टू माय अंकल' म्हणजे काका अचानक भेटले. 'इन्टू'च्या जागी 'ओव्हर' आलं, तर तुम्ही काकांच्या अंगावर गाडी घातली! 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. यातला 'ऑफ' बरेच जण खातात. 'रन आउट' ऐकताच आपल्याला यष्ट्या दिसतात, तिथे सावध राहा.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी आणखी दोन प्रयोग लक्षात ठेवावेत. ब्रिटनमधला रुग्ण 'आय हॅव गॉट द रन्स' म्हणाला, तर त्याला जुलाब होताहेत. 'शी इज रनिंग अ टेम्परेचर' म्हणजे तिला ताप आहे.

निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये बहुधा 'स्टँड' करतो. आपण निवडणूक लढवतो किंवा निवडणुकीला उभे राहतो.

रूपांची चूक तर मोठ्यांच्या ईमेलमध्येही सापडते: 'द प्रिंटर हॅज रॅन आउट ऑफ पेपर'. क्रम रन, रॅन, रन असा आहे. 'हॅज', 'हॅव', 'हॅड' यांच्यामागे तिसरं रूप येतं, म्हणून 'हॅज रन आउट'. वहीत सुटा 'रन' लिहू नका; 'रन अ शॉप', 'रन आउट ऑफ शुगर' असे जोडीनेच लिहा आणि समोर मराठीही जोडीनेच: दुकान चालवणे, साखर संपणे.