नफा आहे, मग पैसे कुठे गेले? दोन्हींचा मेळ कसा घालावा

हिशेबात नफा दिसतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात खडखडाट असतो. यात कुणाची लबाडी असेलच असे नाही. माल देऊन बिल फाडले की ती विक्री नफ्यात धरली जाते, मग पैसे दोन महिन्यांनी का येईनात. रोकड मात्र पैसे हाती पडले तरच वाढते.

1. आधी नफा काढा. समजा महिन्याची विक्री 5,00,000. विकलेल्या मालाची खरेदी 3,00,000, पगार-भाडे-व्याज 1,00,000, यंत्राचा घसारा (वापराने झिजून कमी झालेली किंमत) 20,000. नफा उरला 80,000.

2. मग त्याच महिन्याची रोकड मोजा. विक्रीपैकी 3,00,000 उधार, म्हणजे आले फक्त 2,00,000. माल रोखीने 4,00,000 चा भरला. पगार-भाडे-व्याजाचे 1,00,000 गेले, कर्जाच्या मुद्दलाचे 30,000 गेले. रोकड 3,30,000 ने घटली!

3. दोन्हींचा मेळ घाला. खरी समज इथेच येते, त्यामुळे ही पायरी गाळू नका. नफ्यापासून सुरुवात करा: 80,000. घसाऱ्यापोटी या महिन्यात कुणाला पैसे दिलेले नाहीत, म्हणून 20,000 परत मिळवा. अडकलेली उधारी 3,00,000 वजा करा, पडून राहिलेला माल (4,00,000 चा भरला, 3,00,000 चा विकला) 1,00,000 वजा करा. मुद्दलाचे 30,000 सुद्धा वजा करा. व्याज हा खर्च आहे, पण मुद्दलाची परतफेड नफ्याच्या हिशेबात येतच नाही. उत्तर तेच, उणे 3,30,000. पैसे कुठे अडकले ते आता नावानिशी कळले.

उलटेही घडते. ग्राहकाने आगाऊ रक्कम दिली की खाते भरलेले दिसते, पण काम पूर्ण होईपर्यंत ते तुमच्यावरचे देणेच असते. त्या पैशातून घरखर्च काढणे मला फार धोक्याचे वाटते.

4. पुढचे 13 आठवडे मांडा. दर आठवड्याला हातातली शिल्लक, नक्की येणारे पैसे आणि द्यायचे पैसे एवढेच लिहा. "देतो म्हणालेत" ही वसुली धरू नका. कराची तारीख आठवणीने टाका.

मोठी ऑर्डर आली की हा तक्ता होकार देण्याआधी उघडा. धंदा वाढतो तेव्हा माल आणि उधारी आधी वाढतात, वसुली मागून येते. एखाद्या आठवड्याची शिल्लक उणे जात असेल, तर तेवढी रक्कम आगाऊ मागा किंवा पुरवठादाराकडून मुदत वाढवून घ्या, आणि मगच ऑर्डर घ्या.